जावास्क्रिप्ट शिकायला नऊ दिवस इन्स्टॉलेशन कशाला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरच्या पोरांनी आयटीत शिरावं कसं, यावर पानभर मजकूर आला होता. त्यात एक ओळ होती की जावास्क्रिप्टसारखी कॉम्प्युटरची भाषा दोन-तीन महिन्यांत येते. ओळ खोटी नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांतले सुरुवातीचे दिवस कशात जातात, हे लिहिणाऱ्याने कुणाला विचारलेलं दिसत नाही. माझ्या भाचीचे नऊ गेले. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त टॉवेलच्या वजनाचा भाग तेवढा राहू द्या.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर वाटायचं एक क्लासवाला दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतोय. माझा क्लास नाही. राहतो अशोक चौकाजवळ. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की पाना घेऊन खाली शिरायचं, हे त्यांचं काम. मी गेली बावीस वर्षं चादरी-टॉवेलच्या कारखानदारांना बिलाचे, स्टॉकचे, आठवड्याच्या पगाराचे प्रोग्रॅम लिहून देतो. सुरुवात फॉक्सप्रोवर केली, मग व्हिज्युअल बेसिक, आता दहाएक वर्षं जावास्क्रिप्ट. म्हणजे कामाचं स्वरूप वडिलांचंच. अडलं की फोन येतो, आणि मी खाली शिरतो.

भाचीने मागच्या महिन्यात एका क्लासला नाव घातलं. कोणता ते लिहीत नाही, कारण चार क्लासेसमध्ये चौकशी केली तर चारही ठिकाणी हेच चाललंय. तीन महिन्यांचा फुल स्टॅक (म्हणजे पडद्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं) कोर्स, फी ३५ हजार, दोन हप्त्यांत. लॅपटॉप सेकंडहँड, इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, रॅम ४ जीबी. त्यावर विंडोज इतकं धापा टाकायचं की मीच त्याजागी लिनक्स ही हलकी सिस्टीम बसवून दिली होती. हे आधीच कबूल करतो, कारण त्या नऊ दिवसांतले दोन दिवस माझ्या त्या उपकाराचे आहेत.

पहिल्या दिवशी नोड टाकलं, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी एनपीएम चालेना, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार तुकडे, पॅकेजेस, उतरवून आणणारं अवजार. मग टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचीच जरा कडक बहीण, मग ते चालवायला टीएस-नोड, मग फाईल बदलली की प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून नोडमॉन, मग नवा कोड जुन्या ब्राउझरला कळावा म्हणून बेबेल, सगळ्या फाईलींचा गठ्ठा बांधायला वेबपॅक, मग चाचण्यांसाठी जेस्ट, मग पासवर्ड वेगळ्या फाईलीत ठेवायचे म्हणून डॉटएन्व्ह. प्रत्येकाची आपली सेटिंगची फाईल, आणि त्या फाईलीत काय लिहायचं ते सर फळ्यावर लिहून देणार, पोरं बघून टाइप करणार. एका स्वल्पविरामाने अर्धा तास खाल्ला. भाची रोज संध्याकाळी यायची आणि मी विचारायचो, “आज काय केलं?” ती म्हणायची, “इन्स्टॉल.”

सहाव्या दिवशी क्लासचं वायफाय बसलं. पंचवीस पोरांनी एकदम एनपीएम इन्स्टॉल मारल्यावर दुसरं काय होणार? मोबाईलचा रोजचा दीड जीबी डेटा तर दुपारीच संपलेला. मग सरांनी तोडगा काढला. आपल्या मशीनवरचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर, ज्यात उतरवलेली सगळी पॅकेजेस असतात, ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो पेनड्राइव्ह वर्गात फिरवला. ज्यांनी हे फोल्डर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक साधा प्रोजेक्ट असला तरी त्यात हजारो बारक्या फाईली असतात. एकेक फाईल दोन-चार केबीची. पेनड्राइव्हला एक मोठी फाईल चालते, हजारो चिटुकल्या चालत नाहीत. त्या उतरवताना त्याचा जीव जातो. भाचीचा नंबर लागला आणि कॉपी व्हायला पन्नास मिनिटं लागली. आधी झिप केली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. पन्नास मिनिटांनंतर प्रोग्रॅम चालवला तर पडद्यावर आलं, ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’. सरांना कळेना, पोरीला तर अजिबात कळेना. कारण सोपं होतं. सरांचं मशीन विंडोजचं, हिचं लिनक्सचं. त्या फोल्डरातले काही भाग सरांच्या मशीनवर विंडोजसाठी तयार होऊन बसलेले. लिनक्स त्यांना ओळखही दाखवत नाही. पण सहाव्या दिवसापर्यंत एकही प्रोग्रॅम न लिहिलेल्या पोरीने हे कुठून ओळखावं? तिने घरी येऊन आईला सांगितलं, “माझ्या डोक्यात नाही शिरत हे, बीकॉमच बरं.”

माझा राग इथे आहे. तिच्या डोक्यात न शिरण्यासारखं अजून काही समोर आलंच नव्हतं!

आता हा पसारा झाला कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सरांचाही दोष नाही. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली, तीही ब्राउझरच्या आत वेबपानांना जराशी हालचाल यावी म्हणून. बाहेर चालायचं तिच्या नशिबात नव्हतं. २००८ मध्ये गूगलने क्रोमबरोबर जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट नावाचं वेगवान इंजिन आणलं. २००९ मध्ये रायन डाल यांनी ते इंजिन ब्राउझरातून उचललं आणि त्याभोवती नोड बांधलं. ब्राउझरात नांदणारी भाषा सर्व्हरवर चालायला लागली. पण नोड म्हणजे नुसता माग. सूत भरणं, रंगवणं, शिलाई, घडी, काहीच त्यात नाही. ते ज्याने-त्याने आपापलं बनवलं आणि २०१० पासून एनपीएमच्या बाजारात मांडलं. त्यातून हे बेबेल-वेबपॅक-जेस्टचं मोहोळ लागलं.

सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. आमच्याकडे पॉवरलूमचा धंदा असाच चालतो. बीम वार्पिंगवाल्याकडून, रंग डाईंगवाल्याकडून, कांड्या भरायला वेगळी माणसं, शिलाई आणि झालरी घरोघरच्या बायकांकडे. कारखानदाराकडे फक्त माग. त्यातला एक जण लग्नाला गावी गेला की सगळ्यांचे हात थांबतात. त्याआधीचा जमाना मिलचा. इथली पहिली, जिला आपण ‘जुनी मिल’ म्हणतो, ती १८७७ ची. कापूस एका दाराने आत जायचा आणि दुसऱ्या दाराने कापडाचे तागे बाहेर पडायचे. माझे आजोबा एका मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. विव्हिंग खात्यात काय चाललंय ते त्यांना चालत जाऊन बघता यायचं. (जेकार्डच्या पंचकार्डांचं आणि कॉम्प्युटरचं नातं इथे सांगायचा मोह होतोय, पण ते सोलापुरात प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात सांगून झालंय.)

तर गेल्या काही वर्षांत जावास्क्रिप्टवाल्यांनी पुन्हा मिल बांधायला घेतली आहे. एका छताखाली सगळी खाती. सुरुवात खुद्द रायन डाल यांनीच केली. २०१८ मध्ये त्यांनी बर्लिनच्या परिषदेत उभं राहून नोडमध्ये आपलं काय काय चुकलं याची यादी वाचली, त्यात ते नोड मॉड्यूल्सचं फोल्डरही होतं, आणि डेनो नावाची नवी मांडणी दाखवली. नोडचीच अक्षरं उलटसुलट केलेली. तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०२० मध्ये आली. डेनोत टाइपस्क्रिप्ट थेट चालतं, कोड नीटनेटका करायची आणि चाचण्यांची सोय आतच आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेटपास: प्रोग्रॅमला फाईल वाचायची असेल, नेटवर जायचं असेल, तर तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तो हलत नाही. दुसरं नाव बन. जॅरेड समनर यांनी ते झिग भाषेत लिहिलं, आत इंजिन ॲपलच्या सफारी ब्राउझरवालं जावास्क्रिप्टकोअर, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. एकच फाईल. तीच प्रोग्रॅम चालवते, तीच पॅकेजेस आणते, तीच सगळा कोड बांधून ब्राउझरसाठी गठ्ठा करून देते, तीच चाचण्या घेते.

नवव्या दिवशी संध्याकाळी भाचीला म्हटलं, बस. नाव ऐकल्यावर ती हसली, “मामा, बन म्हणजे बनपाव?” म्हटलं, हो, त्याचं चित्रही तसंच गुबगुबीत आहे.

मी झिप ऑफिसातून पेनड्राइव्हवर आणली होती. एक झिप, शंभर एमबीच्या आतली. उघडली, चालवली, आणि माझीच फजिती. पडद्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की दहावा दिवस मोजायला तिने बोट काढलंच आहे. पाच मिनिटं डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं. बनची नेहमीची आवृत्ती प्रोसेसरकडून एव्हीएक्स-टू नावाची सूचनामालिका मागते. ती इंटेलच्या प्रोसेसरात २०१३ पासून आली. हिचा आय-थ्री त्याच्या दोन वर्षं आधीचा. जुन्या मशीनसाठी त्यांची ‘बेसलाइन’ नावाची वेगळी झिप असते. ती मोबाईलच्या उरलेल्या डेटावर उतरवली आणि चाललं. हे मुद्दाम लिहितो, कारण सोलापुरात पोरांकडे सेकंडहँड लॅपटॉपच असतात आणि हा एक शब्द, बेसलाइन, माहीत नसला तर तेही पोर घरी जाऊन आईला बीकॉमचं सांगेल.

मग म्हटलं, आपण टॉवेलचं वजन काढू. आमच्या धंद्यातला रोजचा हिशेब: टॉवेलची लांबी-रुंदी इंचात, कापडाचा जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, आणि त्यावरून एका नगाचं वजन. ३० बाय ६० चा टॉवेल, जीएसएम ४५०. तिने सूत्र लिहिलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले दहा हजार. टाइपस्क्रिप्टचीच फाईल, सेटिंगची एकही फाईल नाही. प्रोग्रॅम चालला. उत्तर ८१.

मी काही बोललो नाही. तिला म्हटलं, शेजारी दुसरी फाईल कर, चाचणीची, त्यात लिही की उत्तर ५२३ यायला हवं. ‘बन टेस्ट’ असं टाइप केलं. लाल अक्षरांत आलं: अपेक्षित ५२३, मिळालं ८१. ती म्हणाली, “पण सूत्र तर बरोबर आहे.” मी उठून आतून तिच्या आईचा आंघोळीचा टॉवेल आणला आणि तिच्या हातात दिला. “हा ८१ ग्रॅमचा वाटतो का? ८१ ग्रॅमचा तर धड नॅपकिनही होत नाही.” तिने टॉवेल हातात तोलला. पडद्याकडे बघितलं. मग एकदम म्हणाली, “इंच! दहा हजाराने भागतात ते सेंटिमीटरला!” दोन्ही मापांना २.५४ ने गुणलं, पुन्हा ‘बन टेस्ट’. हिरवं. एक टॉवेल ५२३ ग्रॅम, डझनाचे सव्वासहा किलो. बहीण आत शेंगा कुटत होती, तिला हाक मारून हिरवी ओळ दाखवली. तिला काही कळलं नाही, पण टॉवेल जागेवर ठेवा म्हणाली.

त्यानंतर तासाभरात पोरीने त्याचं पान केलं. मोबाईलवर उघडायचं, माप टाकायचं, वजन दिसायचं. केलेले हिशेब साठवायला डेटाबेस लागतो. बनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आतच आहे, वेगळं काही आणावं लागलं नाही. ज्या कामाला नऊ दिवसांत सुरुवात झाली नव्हती, ते साडेदहाच्या आत संपलं.

एसक्यूलाइटचं मला एवढं का वाटतं? चार वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं पॅकिंग लिस्टचं काम माझ्याकडे होतं. नोडवर. दुसऱ्या दिवशी माल निघायचा, आणि मला काय दुर्बुद्धी झाली, रात्री आठला त्याच मशीनवर पॅकेजेस अपडेट केली. एसक्यूलाइटचं पॅकेज म्हणालं, मला तयार आवृत्ती मिळत नाही, मी इथेच स्वतःला बांधून घेतो. बांधायला त्याला आधी पायथन हवं. पायथन दिलं तर मायक्रोसॉफ्टची सी-प्लसप्लसची अवजारं हवीत, ती काही जीबींची. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसवर कॉम्प्युटर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड, आणि मागे शेठ खुर्ची टाकून बसलेले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ओ, टॉवेल मोजायला पायथन कशाला लागतंय?” त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे तेव्हाही काही नव्हतं. पहाटे तीनला जुन्या बॅकअपवर परत गेलो. चूक माझी होती, चालत्या मशीनवर हात घातला ती. पण शेठचा प्रश्नही चुकीचा नव्हता.

आता त्याच प्रश्नाला उत्तर मिळालंय म्हणून मी सगळं सोडून बनच्या मागे लागलोय, असं नाही. शेठच्या कारखान्यात अजून नोडच आहे. चालतंय ते चालू द्यावं. शिवाय नोडही झोपलेलं नाही: गेल्या काही आवृत्त्यांत त्यांनी चाचण्यांची सोय आत घेतली, २०२४ मध्ये एसक्यूलाइट आत घेतलं, आणि आता टाइपस्क्रिप्टची साधी फाईल नोड थेट चालवतं. शेजारच्या मिलचा भोंगा ऐकून यांनीही खाती वाढवली म्हणा. पुण्यात मुलाखतीला विचारतात ते नोडच, हे भाचीला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. बन नोडची बहुतेक पॅकेजेस चालवतं. बहुतेक, सगळी नाही. हा फरक मी गिऱ्हाइकाच्या बिलावर आजमावणार नाही.

आणि मिलची दुसरी बाजू सोलापुरात कुणाला शिकवायची? आजोबांची मिल बंद पडली त्या दिवशी एकच खातं बंद नाही पडलं. सगळी एकदम पडली. बनच्या मागे एक कंपनी आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती अँथ्रॉपिक या एआय कंपनीने विकत घेतली. कोड खुला राहील, परवाना एमआयटीचाच राहील, असं त्यांनी जाहीर केलंय. खुल्या परवान्याचा अर्थ असा की उद्या मालकाने टाळं लावलं तरी यंत्रांचे नकाशे सगळ्यांच्या हातात आहेत. आजोबांच्या मिलच्या बाबतीत तसं नव्हतं. तरी मालक बदलला की कोणतं खातं आधी रोडावतं, यावर लक्ष ठेवायची खोड आमच्या रक्तात आहे.

पण विखुरलेल्या बाजाराचे धोके कमी आहेत का? मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या भांडणावरून चिडून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं एक होतं. काम काय, तर आकड्याच्या डावीकडे हवी तेवढी भर घालणं. बिल नंबर ४७ असला की ‘००४७’ छापतो ना, तेच. जगभरातले मोठमोठे प्रोजेक्ट काही तास बांधले जाईनात. अकरा ओळी! माझ्या फॉक्सप्रोच्या बिलात हे काम एका ओळीत व्हायचं. नंतर जावास्क्रिप्टनेच २०१७ मध्ये ती सोय भाषेत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर याहून वाईट झालं. पॅकेजेस सांभाळणाऱ्या एकाला फसवा ईमेल पाठवून त्याचं एनपीएमवरचं खातं पळवलं आणि चॉक, डीबग अशा घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसमध्ये चोरी करणारा कोड घुसवला. सरांच्या त्या पेनड्राइव्हवर ही दोन्ही पॅकेजेस होती. मी नंतर मुद्दाम उघडून बघितली, आवृत्ती जुनी होती, बरी होती. पण वर्गात पंचवीस पोरांना कुणी सांगितलं का, की या फोल्डरात कुणाकुणाचा माल आहे? बाहेरचं पॅकेज आणताना ते आपल्या मशीनवर लगेच काहीबाही चालवून बसतं, ती खोड बन मुळातच बंद ठेवतं. त्यांच्या स्वतःच्या भरवशाच्या यादीतली काही नावाजलेली पॅकेजेस सोडली, तर बाकीच्यांची तुम्ही नाव घेऊन विश्वास टाकलात तरच चालू. डेनोचा गेटपास मी वर सांगितलाच. आणि जितकं आत मिळतं, तितकं बाहेरून कमी आणावं लागतं.

क्लासवाल्यांकडे माझं मागणं छोटं आहे. पहिल्या तासाला पोराच्या पडद्यावर त्याने लिहिलेलं काहीतरी चाललं पाहिजे. बनवर चालवा, डेनोवर चालवा, नव्या नोडवर चालवा, मला फरक पडत नाही. वेबपॅक आणि बेबेल दुसऱ्या महिन्यात शिकवा. जुने प्रोजेक्ट सांभाळायला ते लागतंच, आणि तोवर पोराला कळलेलं असतं की हे अवजार कोणत्या दुखण्यावर निघालं. जॉबर पोराला पहिल्या दिवशी पान्यांची पेटी पाठ करायला देत नाही. चालत्या मागासमोर उभं करतो. धोटा इकडून तिकडे पळताना बघून पोराचे डोळे मोठे होतात, आणि मग माग अडला की पोर स्वतःच विचारतं, आता कोणता पाना?

दुसरं, जाहिरातीत ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ छापता तिथे आवृत्ती छापा. नोड कितवं शिकवता? भाचीच्या क्लासच्या नोट्समध्ये नोडची जी आवृत्ती होती तिची देखभाल कधीच बंद झालेली आहे. कालबाह्य औषध विकलं तर दुकानदाराला आपण सोडत नाही.

आणि सेकंडहँड लॅपटॉपचा विचार करून वर्ग आखा. तुमच्या सोळा जीबीच्या मशीनवर फळ्याशेजारी जे चालतं, ते वर्गात पोरांच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही.

भाची अजून क्लासला जाते, फी भरली आहे. पण संध्याकाळी विचारलं तर आता ती ‘इन्स्टॉल’ म्हणत नाही. परवा म्हणाली, वजनाच्या पानात धुलाईनंतरची घट टाकायचीय, घट किती टक्के धरायची? तिला डाईंगवाल्या अण्णांकडे पाठवलं. हे मला तरी कुठे माहीत?

माझ्याकडे एक पेनड्राइव्ह तयार आहे. त्यात बनच्या विंडोज आणि लिनक्सच्या झिपा, दोन्हीच्या बेसलाइन, डेनो, देखभाल चालू असलेलं नोड आणि वजनाचा तो छोटा प्रोग्रॅम, सगळं झिप करून. ज्या पोराला हवं त्याने आपला रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं, पैसे नाहीत. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. रविवारी अकरानंतर मी घरीच असतो. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं. ते नेमकं रविवारी आलं तर मात्र बारानंतर या, तोवर मी टाकी भरत असेन.

आपला,
एका जॉबरचा मुलगा
अशोक चौक परिसर, सोलापूर